एकाच वर्षी युरोपला दोन चॅम्पियन कसे मिळाले? बास्केटबॉलच्या २०००-०१ सीझनची गोष्ट

१० मे २००१ रोजी इटलीतल्या किंडर बोलोन्या या क्लबने बास्केटबॉलची युरोलीग जिंकली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, इस्रायलच्या मक्काबी तेल अवीव या क्लबने पॅरिसमध्ये सुप्रोलीगचा कप उचलला. दोन्ही क्लब स्वतःला युरोपचे चॅम्पियन म्हणत होते आणि दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. कारण त्या वर्षी युरोपातल्या क्लब बास्केटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा दोन तुकड्यांत फुटली होती.

हे नेमकं घडलं कसं?

भांडण कशावरून सुरू झालं?

युरोपातल्या चॅम्पियन क्लबांची स्पर्धा १९५८ पासून चालत आली होती. ती भरवत होती फिबा, म्हणजे बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना. १९९६ पासून या स्पर्धेला 'युरोलीग' हे नाव होतं.

दुसऱ्या बाजूला होती युलेब. वेगवेगळ्या देशांतल्या व्यावसायिक लीगनी १९९१ मध्ये एकत्र येऊन ही संघटना काढली होती. तिच्यात स्पेनच्या लीगचं वजन मोठं होतं. मोठ्या क्लबांचा मुद्दा साधा होता. खेळाडूंचे पगार आम्ही देतो, प्रेक्षक आमच्यामुळे येतात, मग टीव्हीचे हक्क आणि स्पॉन्सरशिपचे निर्णय फिबाने का घ्यायचे?

बोलणी फिसकटली आणि २००० साली युलेबने स्वतःची स्पर्धा जाहीर केली.

नावच हातातून गेलं

या गोष्टीतला सगळ्यात भारी ट्विस्ट इथे आहे. नव्या स्पर्धेला युलेबने नाव दिलं, युरोलीग!

फिबाची चार वर्षं चाललेली स्पर्धा याच नावाची होती, पण फिबाने 'युरोलीग' हा ट्रेडमार्क कधी रजिस्टरच केला नव्हता. त्यामुळे कायद्याने अडवायला काही आधार उरला नाही. शेवटी जुन्या आयोजकांनाच स्वतःच्या स्पर्धेसाठी नवं नाव शोधावं लागलं आणि ती 'सुप्रोलीग' झाली.

कोण कुठे गेलं?

युलेबच्या युरोलीगमध्ये २४ टीम होत्या. रिअल माद्रिद, बार्सिलोना, ऑलिंपियाकोस, एईके, बेनेटन ट्रेव्हिसो आणि बोलोन्या शहरातले किंडर व फोर्टिट्युडो हे दोन्ही क्लब तिकडे गेले.

फिबाकडे २० टीम राहिल्या. पण त्यात आधीच्या सीझनचे दोन्ही फायनलिस्ट होते. २००० साली ग्रीसच्या पानाथिनाइकोसने मक्काबीला ७३-६७ असं हरवून कप जिंकला होता. रशियाचा सीएसके मॉस्को आणि तुर्कीचा एफेस पिल्सन हेही फिबाकडेच थांबले.

अथेन्सचं उदाहरण घेतलं तर फुटीचा अर्थ पटकन कळतो. ऑलिंपियाकोस आणि पानाथिनाइकोस हे तिथले कट्टर प्रतिस्पर्धी. एक क्लब एका स्पर्धेत, दुसरा दुसऱ्या. त्या वर्षी युरोपियन कपसाठी ते समोरासमोर येणं शक्यच नव्हतं.

युरोलीग: पाचव्या मॅचपर्यंत गेलेली फायनल

नव्या युरोलीगची पहिली मॅच १६ ऑक्टोबर २००० रोजी माद्रिदमध्ये झाली. रिअल माद्रिदने ऑलिंपियाकोसला ७५-७३ असं हरवलं.

फायनलचा फॉरमॅटही वेगळा ठेवला होता. एका मॅचऐवजी पाच मॅचची सिरीज, आधी तीन जिंकेल तो चॅम्पियन. किंडरने सेमी फायनलमध्ये आपल्याच शहरातल्या फोर्टिट्युडोला ३-० ने घरी पाठवलं. फायनलला समोर होता स्पेनमधल्या व्हिटोरियाचा ताऊ सेरामिका.

ताऊने पहिलीच मॅच बोलोन्यात जाऊन ७८-६५ अशी मारली. किंडरने दुसरी ९४-७३ ने जिंकली आणि तिसरी व्हिटोरियात जाऊन ८०-६० ने. चौथ्या मॅचमध्ये ताऊने ९६-७९ असा पलटवार केला आणि सिरीज २-२ अशी बरोबरीत आली. पाचवी मॅच किंडरने घरच्या मैदानावर ८२-७४ ने काढली.

एत्तोरे मेसिना या टीमचे कोच होते. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला २३ वर्षांचा मनू जिनोबिली. हाच जिनोबिली पुढे एनबीएमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचा स्टार झाला. ताऊकडून खेळणारे लुइस स्कोला आणि फाब्रिसिओ ओबर्तो हेही त्याच्यासारखेच अर्जेंटिनाचे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये या तिघांनी एकत्र सुवर्णपदक जिंकलं.

सुप्रोलीग: मक्काबीने हिशेब चुकता केला

फिबाने जुनी फायनल फोरची पद्धत ठेवली. चार टीम, एक शहर, हरला की कप हातचा गेला. पॅरिसच्या बर्सी एरिनात मक्काबीने सेमी फायनलला सीएसके मॉस्कोला ८६-८० असं हरवलं. दुसऱ्या सेमी फायनलमध्ये पानाथिनाइकोसने एफेस पिल्सनवर ७४-६६ अशी मात केली.

म्हणजे फायनलला पुन्हा त्याच दोन टीम. या वेळी मक्काबीने ८१-६७ असा विजय मिळवला. एरियल मॅकडोनाल्ड फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मक्काबीचा याआधीचा युरोपियन कप १९८१ चा होता, म्हणजे २० वर्षांनी कप परत आला.

मग खरा चॅम्पियन कोण?

याचं उत्तर मैदानावर मिळालंच नाही. किंडर आणि मक्काबी यांच्यात निकाल लावणारी मॅच झालीच नाही.

दोन स्पर्धांमुळे क्लब, प्रेक्षक आणि स्पॉन्सर सगळेच विभागले जात होते. हे दोन्ही बाजूंना कळत होतं. २००१-०२ च्या सीझनला सगळे पुन्हा एकत्र आले. ३२ टीमची एकच युरोलीग झाली, पण सूत्रं राहिली युलेबकडे. मोठे क्लब ज्या बाजूला, त्या बाजूचं पारडं जड ठरलं.

एकत्र झालेल्या या स्पर्धेची फायनल फोर मे २००२ मध्ये बोलोन्यातच झाली. तिथे किंडरला घरच्या प्रेक्षकांसमोर पानाथिनाइकोसने ८९-८३ असं हरवलं. म्हणजे सुप्रोलीगचा उपविजेता युरोलीगच्या विजेत्यावर भारी पडला. त्यामुळे २००१ मध्ये फिबाकडे 'उरलेल्या' टीम होत्या, असं म्हणणं अवघडच आहे.

आज याचं काय?

रेकॉर्डमध्ये २००१ ची दोन्ही विजेतेपदं ग्राह्य धरली जातात. मक्काबीच्या नावावर जे ६ युरोपियन कप मोजले जातात, त्यात सुप्रोलीगचा कपही आहे. बोलोन्याच्या क्लबचे २ मोजले जातात, १९९८ आणि २००१ चे.

वाद मात्र पूर्ण मिटला नाही. २०१६ मध्ये फिबाने पुन्हा स्वतःची बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग सुरू केली. फुटबॉलमध्ये एप्रिल २०२१ ला १२ बड्या क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली, तेव्हाही मुद्दा हाच होता, स्पर्धा संघटनेची की क्लबांची? फुटबॉलमधलं ते बंड चाहत्यांच्या संतापामुळे काही दिवसांतच कोसळलं. बास्केटबॉलमधलं बंड यशस्वी झालं आणि त्यातून उभी राहिलेली युरोलीग आजही चालू आहे.