धाराशिव जिल्ह्यातील इंग्रजी शब्दोच्चार : अक्षरविभागणी व आघात यांचा ऐतिहासिक विचार

मराठवाड्यातील विद्यार्थी इंग्रजी शब्दांवर आघात चुकीच्या जागी देतो, ही तक्रार प्राध्यापक-कक्षात नित्याची आहे. तिचा ऐतिहासिक विचार क्वचित होतो. प्रस्तुत लेखात तो धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यापुरता केला असून 'सिलॅबल'साठी 'अक्षर' ही संज्ञा योजली आहे.

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून होई. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. इंग्रजी तेथे सक्तीचा विषय असला तरी विद्यापीठ गाठणारे मोजकेच. सामान्य माणसाकडे इंग्रजी शब्द आले ते कानावाटे. बार्शी लाइट रेल्वे तडवळ्यावरून पुढे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रेल्वेबरोबर येणारा 'स्टेशन' हाच शब्द पाहावा. इंग्रजीत त्याची अक्षरे दोन, आघात पहिल्यावर. उर्दू वळणाच्या बोलीत आरंभीचे जोडव्यंजन फोडण्यासाठी 'इ' आला आणि 'इस्टेशन' तीन अक्षरांचे झाले. ग्रामीण मराठीने 'स्' गाळून 'ठेसन' केले व दोनच अक्षरे राखली. दोन्ही रूपांत आघाताचे अक्षर मात्र शाबूत राहिले! 'ऑर्डर्ली'च्या 'अर्दली' या रूपातही पहिले, आघाताचे अक्षर टिकले आहे. ज्याने इंग्रजी स्पेलिंग कधी पाहिले नाही, त्याच्या कानाने मूळ उच्चाराचा कणा अचूक पकडला होता.

पुढे शब्द कागदावरून येऊ लागले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, शाळा-महाविद्यालये वाढली. इंग्रजी मात्र बहुधा वाचून व भाषांतर करून शिकविले गेले. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' या शब्दांत आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अक्षरावर पडतो आणि आघातहीन अक्षरांतील स्वर पुसट होतात. देवनागरीत प्रत्येक ओकार सारखाच ठसठशीत उमटतो. शिवाय मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम असता पहिल्या अक्षरावर व क्रियापद असता दुसऱ्यावर जोर येतो. वृत्तांतील लघु-गुरू मोजण्यास सरावलेल्या कानाला हा भेद सहज जाणवत नाही.

२००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. तरीही नोकरीच्या मुलाखतीत आपल्या मुलांच्या उच्चारावर 'ग्रामीण' असा शिक्का बसतो. हा शिक्का प्रस्तुत लेखकास अन्यायकारक वाटतो. कारण उच्चार ग्रामीण नसून पुस्तकी आहे. ग्रामीण उच्चार 'ठेसन' होता. पदवीच्या वर्गात ध्वनिशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर आपण लेखी घेतो. विद्यार्थी आघातचिन्ह बिनचूक देतो आणि तोच शब्द वाचताना सर्व अक्षरे सारख्याच जोराने म्हणतो. त्या उच्चाराला उत्तरपत्रिकेत गुण नसतात.