कडब्याचं कूळ

सोलापूरची कडक भाकरी बांधून पार मुंबईपर्यंत जाते, तिचं कौतुकही पुष्कळ झालं. ज्या ताटावर तिच्या ज्वारीचा दाणा पिकला, त्याचं पुढं काय झालं हे आमच्या शुक्रवार पेठेत आता कुणी विचारत नाही. आमच्या लहानपणी विचारावं लागायचं नाही. घरामागं म्हैस होती आणि मार्च उजाडला की कडब्याची गाडी बोळात हमखास अडकायची. दोन्हीकडच्या भिंतींना ताटं खरडत जायची, आणि शेजारच्या काकू आठवडाभर ओटा झाडत आमचा उद्धार करायच्या.

कडबा म्हणजे कणसं मोडून घेतल्यावर उरलेली ज्वारीची वाळकी ताटं. हिंदीत कडबी, गुजरातीत कडब. शब्दाचं गोत मोठं आहे. आमच्याकडं तर त्याच्या प्रत्येक अवस्थेला नाव. कणीस भरायच्या आत कापलं तर बाटूक, बांधली की पेंढी, उभ्या रचल्या की बुचाड, पावसाआधी रचून झाकली की गंज, आणि जनावरानं खाऊन टाकलेली बुडखं म्हणजे चघळ. भाव शेकड्यावर.

ज्वारीचं माहेर आफ्रिकेत, पूर्व सुदानच्या बाजूला. तिथं ती सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी माणसाळली आणि पुढं समुद्र ओलांडून आपल्याकडं आली. आहे ती गवतच, पण ऊन झेलायची तिची रीत वेगळी. ज्वारीचं पान उन्हासमोर धरून पाहा, शिरा अगदी दाटीनं दिसतील. प्रत्येक शिरेभोवती पेशींचं एक कडं असतं. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडतं, या कड्यात कोंडतं आणि तिथं साखर बनवतं. त्यामुळं पानावरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, पाणी कमी उडतं. ही रीत १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावर उलगडून दाखवली. ऊस आणि ज्वारी, जिल्ह्यातली एकमेकांच्या मुळावर उठलेली दोन पिकं, या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. फरक एवढाच की रब्बीची ज्वारी हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या, पावसानं काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर निघते.

तरीही पानावर पडलेल्या उन्हातला शेकडा एक-दोन भागच पिकात साठतो. त्या साखरेच्या पुन्हा दोन माळा होतात, दाण्यात स्टार्च आणि ताटात सेल्युलोज. मणी तेच, ग्लुकोजचे. गाठ तेवढी वेगळी. दाण्यातली गाठ आपल्याला सुटते, ताटातली सुटत नाही. गंमत म्हणजे ती म्हशीलाही सुटत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जंतू ती सोडवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर म्हैस जगते आणि दूध देते. रात्री गोठ्यात रवंथाचा कुरकुर आवाज यायचा, तो या कारखान्याला माल चढवल्याचा. न पचलेलं शेणातून बाहेर यायचं, त्याच्या गोवऱ्या व्हायच्या आणि त्यांवर ज्वारीचीच भाकरी भाजली जायची.

म्हणून इथल्या शेतकऱ्यानं ज्वारी नुसत्या दाण्यासाठी कधी पेरली नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडलं गेलं. डोक्याच्या वर जाणारं ताट, पांढरा टपोरा दाणा. पुढं १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट बुटकं. खरिपात ती पसरली. सोलापूरच्या रब्बीनं मात्र संकरिताला फारसं जवळ केलं नाही. भाकरीची चव हे एक कारण झालंच, पण बुटक्या ताटाचा कडबा बैलाला वर्षभर कुठून पुरायचा? चाराटंचाईच्या वर्षी तर दाण्यापेक्षा पेंढीचाच भाव आधी विचारला जातो.

मोहोळची ती मालदांडी सोलापूर जिल्ह्यात आजही पेरतात.