घरी बसवलेल्या दिवसांचा पगार



पुण्याच्या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. त्या सभेत रविवारची सुट्टी मागितली होती. आणखी एक मागणी अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत हातात पडावा. घाम गाळूनही तेव्हा पगारासाठी ताटकळावं लागे.

पण मालकानं कामच करू दिलं नाही, नाहक घरी बसवलं, तर त्या दिवसांच्या पगाराचं काय? याचा लढा दीपाली सुरवसे या शिक्षिकेनं दिला.

त्या तेव्हाच्या औरंगाबादमधल्या खासगी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. 2005 साली शाळेच्या इमारतीवर महापालिकेचा कर आला. तो भरायला प्रत्येक कर्मचाऱ्यानं महिना 1500 रुपये द्यावेत, असं व्यवस्थापनानं सांगितलं. बाईंनी नकार दिला. मग 25 मेमो आले, 2006 च्या नोव्हेंबरात निलंबन झालं आणि 2007 च्या जूनमध्ये नोकरी गेली.

शाळा न्यायाधिकरणानं 2009 साली बडतर्फी रद्द केली आणि मागचा पूर्ण पगार द्यायला सांगितलं. उच्च न्यायालयानं बडतर्फी चूक मानली, पण मागचा पगार मात्र काढून घेतला. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 ऑगस्ट 2013 रोजी निकाल लागला: चार महिन्यांत पूर्ण पगार द्या, नाही दिलात, तर निलंबनाच्या दिवसापासून 9 टक्के व्याज द्या. आदेश मोडला तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होईल, असंही बजावलं.

न्यायालय म्हणालं, चुकीनं काढलेल्या माणसाच्या घरच्यांचेही हाल होतात, म्हणून पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम. मात्र 'या काळात मला दुसरी कमाई नव्हती' हे कर्मचाऱ्यानं सांगायला हवं. ते खोटं असेल, तर सिद्ध करायचं काम मालकाचं. बाईंनी ते आधीच लिहून दिलं होतं, व्यवस्थापनानं खोडलं नव्हतं. तेच कामी आलं.

आता वसुली. निकालाचा कागद हाती आला म्हणजे पैसे आले असं नाही. खासगी शाळांसाठीच्या 1977 च्या कायद्यात याची सोय आहे. संस्थेला मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून थकलेला पगार कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावा, अशी शिफारस न्यायाधिकरण सरकारला करू शकतं. अपिलाची मुदत मात्र आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांचीच. इतर नोकऱ्यांचे कायदे वेगळे, मुदतीही वेगळ्या.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या लेकी-सुनांपैकी कुणाला कामावरून काढलं, तर मेमो फाडू नका. प्रत्येकाला लेखी उत्तर द्या, पोच घ्या, तारीख टिपून ठेवा आणि लगेच वकील गाठा. घरी बसवलेले दिवस आपण मागितलेले नव्हते. त्यांचा पगार मागायला संकोच कसला?