जमिनीचे तुकडे, हक्कांचे थर

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा हॅरॉल्ड मॅन यांनी केलेला अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली आढळली. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकराचेही नव्हते. १७७१ मध्ये चाळीस एकरांच्या घरात असलेली सरासरी धारणा १९१४-१५ मध्ये सात एकरांवर आली होती. पुढे १९४७ च्या मुंबई कायद्याने तुकडे पाडण्यास मनाई केली आणि ‘तुकडेबंदी’ हा शब्द तलाठ्याच्या दप्तरातून बोलीत उतरला. त्याच पिंपळे सौदागरच्या शेतांवर आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतील गृहसंकुले उभी आहेत. जमीन एकत्र झाली, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः शेताचे तुकडे जमिनीवर पडत होते. इमारतीत ते एकावर एक रचले जातात, एवढाच फरक.

जुन्या शहरांच्या पुनर्विकासाचा इतिहास या फरकापाशी येऊन वारंवार अडखळला आहे. विखुरलेली मालकी ही नगररचनेपुढील मोठी अडचण आहे, हे विधान आता सर्वमान्य झाले असले तरी मालक कोणाला म्हणावे हा प्रश्न त्यात गृहीतच धरलेला असतो. मुंबईत तो कधीच गृहीत धरण्याजोगा नव्हता. पोर्तुगीज अमलाची खूण सांगणाऱ्या फजिंदारी पद्धतीत जमीन एकाची, तीवरील घर दुसऱ्याचे आणि घरात राहणारा तिसराच असे. माडांच्या वाड्या हटून तेथे चाळी आल्या, पण वाडीची हद्द, तिचे नाव आणि तिच्यातील गुंतागुंतीचे हक्क कायम राहिले. गिरगाव-भुलेश्वरच्या अरुंद, लांबट भूखंडांचे कोडे बऱ्याच अंशी येथे सुटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि सरकारला दाट वस्तीचे भय वाटू लागले. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘इंप्रुव्हमेंट ट्रस्ट’ने, योजलेला उपाय सरळ होता. नागपाड्यासारखी संपूर्ण वस्ती संपादन करावयाची, जीर्ण इमारती पाडावयाच्या, रुंद रस्ते काढावयाचे आणि नव्याने आखलेले भूखंड भाडेपट्ट्याने द्यावयाचे. अनेकांची मालकी एका मंडळाकडे आली की तुकड्यांचा प्रश्न मिटला! मात्र भरपाई मिळे ती मिळकतीच्या धन्याला, आणि तिचा हिशेब भाड्याच्या उत्पन्नावरून होई. त्यामुळे जी इमारत अधिक कोंदट, अधिक गर्दीची, तिचे मोल अधिक ठरे. ज्यांच्या गर्दीमुळे हे मोल वाढले त्या भाडेकरूंच्या हाती काहीच पडत नसे. ते शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील गर्दी वाढवीत. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे ट्रस्टचे रस्ते आजही शहराच्या उपयोगी पडत आहेत. त्यांखाली गेलेल्या बिऱ्हाडांची मोजदाद मात्र कोणत्याही हक्कपत्रात सापडत नाही.

१९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या अनुभवाला मिळालेला अधिक शहाणा प्रतिसाद म्हटला पाहिजे. त्याने कोणाची जमीन कायमची हिरावून घेतली नाही. साऱ्यांचे वेडेवाकडे भूखंड कागदावर एकत्र करून त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण आखीव असा ‘अंतिम भूखंड’ परत द्यावयाचा. जमिनीची किंमत वाढली तर तिचा काही अंश सुधारणेच्या खर्चासाठी घ्यावयाचा. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपारले येथील पत्त्यांत अजूनही डोकावणारी ‘टी.पी.एस.’ ही अक्षरे त्याच योजनांची आहेत. परंतु ही रीत मोकळ्या जमिनीवर फळली. जेथे भूखंडावर चार मजले आणि प्रत्येक मजल्यावर वीस बिऱ्हाडे आहेत, तेथे भूखंडांची अदलाबदल करून काय साधणार?

शिवाय काळही भाडेकरूंच्या बाजूने वळला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्तीत मालकाला रस उरला नाही. पागडी देऊन आलेल्या भाडेकरूला खोली सोडण्यात स्वारस्य नव्हते. मराठी साहित्याने या स्थित्यंतराची नोंद कायद्याच्या भाष्यकारांपेक्षा अधिक नेमकी घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये चाळीला नाव मालकाचे आहे, पण पुस्तक सर्वस्वी भाडेकरूंचे आहे. कायद्याने पागडीला मान्यता दिली ती १९९९ मध्ये.

हीच नगररचनेची पद्धत एका उद्ध्वस्त जुन्या शहरात पुन्हा कसोटीला लागली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील भूजचे तटबंदीतील शहर कोसळले. १९१५ च्या कायद्याची परंपरा गुजरातने आपल्या १९७६ च्या कायद्यात जपली होती. तिच्या आधारे भूजच्या गल्ल्यांची फेररचना झाली. अगदी लहान भूखंडांतून काही घेतले नाही, मोठ्यांतून चढत्या प्रमाणात घेतले, आणि बहुतेक घरमालक आपापल्या परिसरातच राहिले. ही कामगिरी असामान्य आहे. तरीही तेथल्या भाडेकरूंना घरमालकांच्या बरोबरीचे साहाय्य मिळाले नाही. नकाशाला भूखंड दिसतो, त्यावरील हक्कांचे थर दिसत नाहीत.

मुंबईने ते थर मोजण्याचा एक धीट प्रयत्न केला होता. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाच्या कक्षेत आलेल्या उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांच्यासाठी म्हाडा कायद्यात १९८६ साली एक नवे प्रकरण घालण्यात आले. किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास मंडळाने इमारत संपादन करून ती त्यांना द्यावी, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळावी. १८९८ नंतर भाड्याने मालकाची भरपाई फुगवली होती; आता गोठलेल्या भाड्याने ती आकसली. भाडे हाच जमिनीचा मानदंड मानण्याची खोड मात्र दोन्ही वेळा सारखीच.

मालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे प्रकरण वैध ठरवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मधील समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. १९८६ चे ते प्रकरण स्वतः वैध आहे की नाही, याचा निवाडा मात्र या पीठाने केला नाही.