काचतंतू प्रबलित ऊष्मामृदू संमिश्रांचे यांत्रिक गुणधर्म

काचतंतू प्रबलित ऊष्मामृदू संमिश्रे म्हणजे तापवल्यावर मऊ व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळून तयार केलेले पदार्थ होत. यातील प्लास्टिकला आधारद्रव्य म्हणतात. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन व पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट ही नेहमीची आधारद्रव्ये आहेत. एपॉक्सीसारखी ऊष्मादृढ रेझिने एकदा पक्की झाली की वितळत नाहीत. ऊष्मामृदू संमिश्रे मात्र पुन्हा वितळवता येतात व इंजेक्शन मोल्डिंगने झटपट साच्यात घालता येतात. मोटारींच्या रेडिएटरच्या टाक्या, ड्रिल यंत्रांची आवरणे, ठिबक सिंचनातील काही फिल्टर व हवेच्या झडपा यांसाठी ती वापरली जातात.

या पदार्थांची ताकद एका आकड्यात सांगता येत नाही. ती तंतूंचे प्रमाण, लांबी, दिशा व आधारद्रव्याशी असलेला बंध, तसेच वापराच्या वेळचे तापमान व ओलावा यांवर अवलंबून असते.

तंतूंचे प्रमाण

सर्वसाधारण वापरातील ई-काचेच्या तंतूची घनता सुमारे २.५५ ग्रॅम प्रति घन सेंमी. व स्थितिस्थापकता मापांक सुमारे ७२ गिगापास्कल असतो. नायलॉन ६६ या प्लास्टिकचा कोरड्या अवस्थेतील मापांक केवळ ३ गिगापास्कलच्या आसपास असतो. त्यात वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळल्यास मापांक ९ ते १० गिगापास्कल होतो आणि ताणसामर्थ्य सुमारे ८० मेगापास्कलवरून १८० मेगापास्कलच्या पुढे जाते. काच जड असल्यामुळे वजनाने ३० टक्के तंतू आकारमानाने सुमारे १६ टक्केच भरतात. मापांकाचे गणित करताना आकारमानाचे प्रमाण घ्यावे लागते.

तंतूंची लांबी व बंध

भार प्रथम आधारद्रव्यावर येतो व दोहोंच्या पृष्ठबंधातून तंतूकडे जातो. तंतूची पूर्ण ताकद उपयोगात येण्यासाठी लागणाऱ्या किमान लांबीस क्रांतिक लांबी म्हणतात. तंतूचे सामर्थ्य व व्यास यांच्या गुणाकारास बंधाच्या कर्तन सामर्थ्याच्या दुपटीने भागल्यास ती मिळते. सामर्थ्य २,००० मेगापास्कल, व्यास १० मायक्रोमीटर व बंधाचे सामर्थ्य ४० मेगापास्कल धरल्यास ही लांबी ०.२५ मिमी. येते. मोल्डिंग यंत्राच्या स्क्रूमध्ये तंतू तुटत असल्याने तयार वस्तूतील बरेचसे तंतू याच लांबीच्या आसपास असतात. बंध सुधारण्यासाठी तंतूंवर सिलेन संयुगांचा लेप देतात.

वस्तू पुन्हा दळून वितळवली की तंतू आणखी आखूड होतात. म्हणून पुनर्वापर शक्य असला तरी मूळची ताकद पूर्णपणे टिकत नाही.

तंतूंची दिशा

साच्यात वितळलेला पदार्थ वाहताना भिंतीलगतचे तंतू प्रवाहाच्या दिशेने, तर मधल्या थरातील तंतू बहुधा आडवे राहतात. परिणामी प्रवाहाच्या दिशेने वस्तू अधिक ताठ व बळकट असते. दोन प्रवाह जिथे मिळतात त्या सांधारेषेवर तंतू पलीकडे जात नाहीत. तेथील सामर्थ्य निम्म्यापर्यंत घसरू शकते. साच्याची रचना करताना ही रेषा जास्त भाराच्या जागी येऊ नये, अशी काळजी घेतात.

तापमान, ओलावा व दीर्घकालीन भार

माहितीपत्रकातील आकडे बहुधा २३ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. नायलॉन हवेतील बाष्प शोषून घेतो. ३० टक्के काचतंतू असलेल्या नायलॉन ६६ चे ताणसामर्थ्य ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेशी समतोल साधल्यावर १२० ते १३० मेगापास्कलपर्यंत उतरते. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही, परंतु उष्णतेने लवकर मऊ होते.

हिमायतनगर, नांदेड व लातूर परिसरात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हात पडलेली वस्तू त्याहून अधिक तापते. अशा शेतातील नायलॉनच्या फिल्टरवर ऊन, पाणी व आतील दाब यांचा एकत्रित परिणाम होतो. सततच्या भाराखाली हळूहळू वाढणाऱ्या विरूपणास विसर्पण म्हणतात. काचतंतूंमुळे ते बरेच कमी होते, पण थांबत नाही. पंप पुनःपुन्हा चालू-बंद झाल्याने शीण येऊन, एकवेळच्या भाराने तुटणार नाही अशा दाबालाही तडा जाऊ शकतो. त्यामुळे अशा वस्तूची जाडी कोरड्या नमुन्याच्या आकड्यावरून ठरवणे धोक्याचे असते.

चाचण्या

ताणसामर्थ्यासाठी आयएसओ ५२७, वाकण्यासाठी आयएसओ १७८, चार्पी आघातासाठी आयएसओ १७९ व भाराखालील उष्णता-विचलन तापमानासाठी आयएसओ ७५ ही मानके वापरतात. १.८ मेगापास्कल भाराखाली साध्या नायलॉन ६६ चे उष्णता-विचलन तापमान ७० अंशांच्या आसपास, तर ३० टक्के तंतू असताना सुमारे २५० अंश असते. मात्र तुटण्यापूर्वीची लांबीतील वाढ कोरड्या अवस्थेत ३ टक्क्यांच्या आसपास येते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे सिपेट या केंद्रीय संस्थेचे केंद्र असून तेथे प्लास्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण व चाचणीची सोय आहे.