गुडघ्याच्या संधिझिजेवरील कर्षण चिकित्सा

सांध्यातील हाडांना परस्परविरुद्ध दिशांनी ओढ देऊन त्यांच्यामधील दाब कमी करण्याच्या उपायास कर्षण चिकित्सा म्हणतात. गुडघ्याच्या संधिझिजेत (अस्थिसंधिशोथात) तिचा वापर अलीकडचा असला, तरी ओढीचे तंत्र प्राचीन आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अस्थिभंगासाठी आंछन (ओढणे), पीडन (दाबणे), संक्षेप व बंधन हे उपाय सांगितले असून निखळलेले मांडीचे हाड चक्राच्या साहाय्याने ओढावे, असाही निर्देश आहे. ग्रीसमध्ये हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेत याच कामासाठी रहाट बसविलेला लाकडी बाक होता. चौदाव्या शतकात गी द शोल्याक या फ्रेंच शल्यवैद्यांनी कप्पीवरून वजन टांगण्याची रीत वर्णन केली. न्यूयॉर्कचे गर्डन बक यांनी १८६१ मध्ये चिकटपट्टी, कप्पी व वजन यांची सुटसुटीत योजना प्रसिद्ध केली व ती जगभर रूढ झाली. या सर्वांचा हेतू हाड जागेवर आणणे व तेथे ठेवणे हा होता. झिजलेल्या सांध्याचा विचार त्यात नव्हता.

लिव्हरपूलचे ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांची बंधफळी मात्र मुळात रोगग्रस्त, विशेषतः क्षयबाधित, गुडघ्यासाठी होती. पहिल्या महायुद्धात मांडीच्या अस्थिभंगांवर ती इतकी उपयोगी ठरली की, तिचा मूळ उद्देश बहुतेकांच्या विस्मरणात गेला. टॉमस यांचा भर ओढीपेक्षा दीर्घ व अखंड विश्रांतीवर होता.

नष्ट झालेली उपास्थी (कूर्चा) पुन्हा भरून येत नाही, असे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नमूद केले होते. त्यामुळे संधिझिजेत वेदनाशमन व व्यायाम आणि, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, कृत्रिम सांधा हे प्रमुख मार्ग उरत. परंतु तरुण व कष्टकरी रुग्णात कृत्रिम सांधाही झिजतो आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. या अडचणीतून सांधा काही काळ भारमुक्त ठेवण्याची कल्पना पुढे आली. तिला आधार मिळाला तो कुर्गान (सायबीरिया) येथील गाव्ह्रील इलिझारोव्ह (१९२१–९२) यांच्या बाह्य चौकटीचा. हाडात तारा रोवून त्यांतील अंतर हळूहळू वाढविणे तिच्यामुळे शक्य झाले होते.

नेदर्लंड्समधील उट्रेख्त येथे हे तंत्र प्रथम घोट्यावर व नंतर गुडघ्यावर वापरण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अभ्यासात साठ वर्षांखालील २० रुग्णांच्या गुडघ्यातील हाडे दोन महिने सु. ५ मिमी. दूर ठेवली होती. रुग्ण त्या स्थितीत कुबड्यांच्या आधाराने चालत. वर्षभरानंतर उपास्थीची सरासरी जाडी २.४ मिमी. वरून ३ मिमी. झाल्याचे आढळले, वेदनाही घटल्या. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निष्कर्षाला मर्यादा होत्या. तथापि हंटर यांचे मत अबाधित राहिले नाही, हे खरे. सळ्यांच्या जागी होणारा जंतुसंसर्ग हा या उपचाराचा नेहमीचा उपद्रव आहे.

भौतिकोपचारात घोट्याला पट्टा बांधून बाहेरून दिली जाणारी, काही मिनिटांची ओढ ही याहून अगदी वेगळी गोष्ट होय. नावाच्या साम्याने दोन्हींची गल्लत होते. तिच्यावरील अभ्यास लहान व अल्पकालीन असून त्यांत व्यायाम, शेक इत्यादींचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. तिने काही रुग्णांची वेदना तात्पुरती कमी होते. उपास्थी भरून येते असे मात्र दिसून आलेले नाही.