सेंद्रिय रसायनशास्त्रातील मूलभूत संकल्पना : इतिहासाचा क्रम आणि उजळणीचा क्रम

प्रस्तावना

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेची उजळणी बहुधा संकरणापासून सुरू होते. त्यानंतर कार्बनची चतुष्फलकीय रचना व समघटकता येते. इतिहासाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रस्तुत लेखात या क्रमभेदाचा आढावा घेतला आहे.

समघटकता ते संयुजा

१८२८ मध्ये व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला. या एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना संपुष्टात आली, असे सांगितले जाते. वस्तुतः ती हळूहळू मागे पडली. कोल्बे यांनी १८४५ मध्ये केलेले ॲसिटिक आम्लाचे संश्लेषणही त्यास कारणीभूत ठरले. युरियाच्या प्रयोगाचे दुसरे महत्त्व असे की, घटक व त्यांचे प्रमाण तेच असूनही दोन पदार्थांचे गुणधर्म भिन्न आढळले. अशा पदार्थांसाठी बर्झेलियस यांनी १८३० मध्ये समघटकतेची संज्ञा योजली. अणूंची संख्या पुरेशी नसून त्यांची जोडणीही महत्त्वाची आहे, हा विचार यातून पुढे आला. १८५८ मध्ये केकुले व कूपर यांनी स्वतंत्रपणे कार्बनची चतुःसंयुजा व कार्बन-शृंखलेची कल्पना मांडली. कूपर यांचा निबंध सादर होण्यास विलंब झाल्याने अग्रमान केकुले यांच्याकडे गेला.

चतुष्फलकाचा वाद

कार्बनचे चार बंध एका प्रतलात चौरसाच्या कोपऱ्यांकडे असते, तर डायक्लोरोमिथेनची दोन रूपे मिळायला हवी होती : क्लोरीनचे अणू शेजारी असलेले व समोरासमोर असलेले. प्रत्यक्षात एकच रूप आढळते. पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे परस्परांची आरशातील प्रतिमा असणारे स्फटिक वेगळे केले होते. अशा प्रकाशीय समघटकतेचा उलगडा व्हांट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे अवकाशीय रचनेच्या आधारे केला. व्हांट हॉफ तेव्हा २२ वर्षांचे होते. १८७७ मध्ये कोल्बे यांनी या सिद्धान्ताची कठोर शब्दांत खिल्ली उडवली. ज्यांच्या प्रयोगांनी एक जुनी कल्पना ढासळण्यास हातभार लावला, तेच नव्या कल्पनेचे विरोधक ठरले, ही बाब उल्लेखनीय आहे.

इलेक्ट्रॉनीय स्पष्टीकरण

लुईस यांनी १९१६ मध्ये इलेक्ट्रॉन-युग्माची व पाउलिंग यांनी १९३१ मध्ये संकरणाची संकल्पना मांडली. म्हणजे चतुष्फलक संकरणातून निष्पन्न झाला नाही. तो आधीच स्वीकारला गेला होता आणि संकरणाने त्याचे स्पष्टीकरण दिले.

निष्कर्ष

उजळणीत स्पष्टीकरण प्रथम व पुरावा नंतर आल्यास, किंवा पुरावा वगळला गेल्यास, विद्यार्थ्यास संकरण हेच कारण व चतुष्फलक हा त्याचा परिणाम वाटू लागतो. व्याख्या पाठ होते. ती का मान्य करावी, हे मात्र कळत नाही. त्यामुळे परीक्षेत मिथेनचा बंधकोन विचारण्याबरोबरच डायक्लोरोमिथेनचे एकच रूप का आढळते, हेही विचारले जावे. त्याचे उत्तर देण्यासाठी १८७४ मधील युक्तिवाद विद्यार्थ्यास स्वतः करून पाहावा लागेल.